फूल आधी, पान मागाहून

मृगाच्या सरींनी जमीन चांगली भिजली, की ठाण्याच्या येऊरच्या जंगलात झाडांखालच्या पाचोळ्यातून बारीक, वीतभर दांडे वर येतात. दांड्यावर मान खाली घातलेली हिरवट-पिवळसर फुलं असतात, पण हिरवं पान एकही नसतं. ही नर्व्हिलिया, जमिनीवर उगवणारी एक छोटी आमरी. आमरी म्हटलं की झाडावर लोंबणारी सीतेची वेणी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे पायाशी उगवलेली ही आमरी सहसा कुणाला दिसत नाही.

पान नाही, मग फुलायला अन्न येतं कुठून? उत्तर जमिनीखाली आहे. तिथे सुपारीएवढा किंवा त्याहून लहान पांढुरका कंद असतो. मागच्या पावसाळ्यात साठवलेली पुंजी मोडून तो थेट फुलाचा दांडा वर पाठवतो. फुलं काही दिवसच टिकतात. परागण झालं की बोंडं धरतात आणि दांडा आणखी उंच होतो. बोंड जितकं वर, तितकं आतलं धुळीसारखं बी वाऱ्यावर दूर जातं. या बियांत अंकुरापुरताही अन्नसाठा नसतो. मातीतली योग्य बुरशी भेटली आणि तिच्याकडून अन्न मिळालं, तरच बी रुजतं.

दांडा वाळत आला, की त्याच कंदातून पान निघतं, तेही एकच. ते हृदयाच्या आकाराचं किंवा जवळजवळ गोल असतं आणि त्यावर शिरांच्या बाजूने ठळक चुण्या असतात. काही जातींत ते देठावर उभं राहतं, तर काहींत जमिनीलगत पसरतं. उरलेला पावसाळा हे एकटं पान अन्न तयार करतं आणि ते कंदात जमा होतं. जमिनीखाली आडव्या फुटव्यांच्या टोकाला नवे कंदही धरतात. पाऊस ओसरला की पान पिवळं पडून जिरून जातं. मग पुढचा पाऊस येईपर्यंत कंद मातीत झोपून राहतो.

म्हणजे जमिनीवर असताना नर्व्हिलिया काही आठवड्यांपुरतीच बिनपानी असते. एपिपोगियम ही सह्याद्रीतल्या दाट जंगलांतली आमरी मात्र आयुष्यभर बिनपानी राहते. तिच्यात हरितद्रव्य नसतं, सगळं अन्न ती बुरशीकडून घेते. 

नर्व्हिलियाचं मोठं नुकसान होतं ते फुलं सरल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये सहलीला आलेल्यांना फुलं दिसत नाहीत, आणि एकुलतं पान गवतातलं तण समजून तुडवलं जातं. फूल खुडलं तर त्या वर्षीचं बी जातं. पान गेलं तर कंदाची भरच थांबते, आणि दुसरं पान फुटायचा भरवसा नसतो.

येऊरचा बराच भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथून रोप उपटणं, कंद खणणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय कुंडीत आणलेला कंद त्याची बुरशी आणि जंगलातली माती सुटल्यावर क्वचितच तग धरतो. कल्याण-डोंबिवलीहून किंवा ठाण्यातून पावसाळ्यात इथे जाणार असाल, तर मळलेली वाट सोडू नका. फोटोसाठी बसतानाही गुडघा टेकण्याआधी खाली एखादं चुणीदार पान नाही ना, एवढं पाहा.