मदरसा, वेदपाठशाळा, अल्पसंख्याक शाळा: आरटीईतून सूट नेमकी कशाची?

गोंदियात आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना घराजवळची खासगी शाळा यादीत दिसत नाही, असं होऊ शकतं. त्याचं एक कारण म्हणजे शाळेचा अल्पसंख्याक दर्जा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड होतो, आणि त्यानंतरही सुरू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमती निकालात सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, कायद्याबाहेर ठेवलं.

ही सूट फक्त धर्माची नाही. भाषिक अल्पसंख्याकांनाही ती मिळते आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरतं. बालाघाटला लागून असलेल्या गोंदियाच्या बाजारात हिंदी सर्रास ऐकू येते, तरी महाराष्ट्रात हिंदी भाषक अल्पसंख्याकच! त्यामुळे त्यांच्या संस्थेलाही हा दर्जा मिळू शकतो.

मात्र दर्जा म्हणजे मान्यता नव्हे. दर्जा अल्पसंख्याक विकास विभाग देतो, मान्यता शिक्षण विभाग. प्रवेश घेताना दोन्ही कागद वेगवेगळे मागा.

मग मुलाचं काय? जुलै २०१५ मध्ये राज्यात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. त्याच्या तोंडावर सरकारने ठरवलं की गणित, विज्ञान, इंग्रजीसारखे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायची. मोठा वाद झाला. आरोप मदरशांना लक्ष्य केल्याचा होता, पण प्रश्न वेदपाठशाळेतल्या मुलालाही तितकाच लागू होता. संस्थेला सूट आहे, पण ६ ते १४ वयाच्या मुलाचा हक्क कायम आहे. असं मूल अकराव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत आलं, तरी कलम ४ नुसार त्याला वयाला साजेशा वर्गात बसवावं लागतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. पालकांना हे क्वचितच कुणी सांगतं.

प्रमती निकालही आता वादात आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्यावर शंका घेतली आणि मोठ्या पीठाच्या विचारासाठी तो प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला.