स्वीडनचे पत्र : अरेतुरेचे राज्य

स्टॉकहोम : बँकेतला अधिकारी असो, शाळेतल्या बाई असोत की ऑपरेशन करणारे डॉक्टर, इथे सगळ्यांना ‘दू’ म्हणायचे, म्हणजे ‘तू’. या कृतीला स्वीडिशमध्ये क्रियापदही आहे, ‘दूआ’. सर्वनामाला ‘आ’ जोडला की झाले. आपले ‘अरेतुरे करणे’ तेच. मात्र त्यातला भांडणाचा वास ‘दूआ’ला आज उरलेला नाही.

पूर्वी असे नव्हते. वरच्या माणसाला सर्वनाम लावणेच उद्धटपणाचे. कॉफी देणारी मुलगी डायरेक्टरसाहेबांना त्यांच्या तोंडावर विचारी, ‘डायरेक्टर कॉफी घेणार का?’ हुद्दा ठाऊक नसला की कर्ताच गाळायचा. ‘कुठे राहणं असतं?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला ही कसरत समजावून सांगायला नको. ‘नी’ हे अनेकवचनी सर्वनाम आदरार्थी व्हावे म्हणून पुष्कळांनी खटपट केली, पण हुद्दा नसलेल्यांसाठीच ते वापरले जाई, त्यामुळे ‘नी’ म्हटले की लोकांना कमीपणा वाटे. ओळख वाढली, की वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाने ‘हुद्दे बाजूला ठेवू या’ म्हणायचे आणि पेला उंचावून ‘दू’वर यायचे. धाकट्याने आपणहून तसे सुचवणे म्हणजे आगाऊपणा!

1967 साली सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख म्हणून ब्रूर रेक्सेद आले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले, मी सगळ्यांना ‘दू’ म्हणणार, तुम्ही मला ब्रूर म्हणा. ‘ब्रूर’ म्हणजे भाऊ, हा योगायोग झकासच. या बदलाला ‘दू-सुधारणा’ म्हणतात, पण तसा कायदा कधी झाला नाही. माझ्या मते रेक्सेदना श्रेय जरा जास्तच मिळते. समतेचे वारे आधीपासून वाहत होते, त्यांनी फक्त ते कचेरीत अधिकृतपणे आत घेतले.

राजघराणे तेवढे अजून अपवाद आहे. राजाशी बोलताना आजही ‘राजांना काय वाटते?’ असेच विचारतात. गंमत म्हणजे दुकानांतली तरुण पोरे हल्ली गिऱ्हाइकाला सभ्यपणा म्हणून ‘नी’ म्हणतात आणि जुनी माणसे त्याने दुखावतात.

‘दू’मुळे साहेब साहेब राहत नाही, असे मात्र समजू नका. रजा मंजूर करणारा तोच असतो. तरीही उप्साला किंवा लुंडला शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनी ‘सर’ आणि ‘मॅडम’ विमानतळावरच सोडावे आणि प्राध्यापकांना बेलाशक नावाने हाक मारावी.