जहाजावरची कवायत आणि उन्हाचा ताप

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या मैदानावर तुम्ही कवायत करता. उर्दूच्या तासाला मात्र तुम्ही ‘कवायद’ शिकता, म्हणजे व्याकरण शिकता. हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे ‘नियम’. भाषेला नियम असतात, मैदानावर पावले टाकण्याला नियम असतात, तसेच समुद्रावर प्रवास करण्यालाही नियम असतात. म्हणून प्रवासी जहाजावरही एक कवायत होते. या पाठात आपण तिची माहिती घेऊ. ती करताना उन्हाचा त्रास का होतो आणि तो कसा टाळावा, हेही पाहू.

आपल्या लोकांना जहाज नवे नाही. रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कितीतरी घरांतील माणसे खलाशी म्हणून जगभर फिरली आहेत. १९९५ पर्यंत मुंबईहून हजचे यात्रेकरू जहाजाने जेद्दाला जात असत. तुमच्या घरातील एखाद्या आजी-आजोबांना ते दिवस आठवत असतील. आता हजयात्रा विमानाने होते. परंतु सहलीची मोठी जहाजे मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जातात. अशा जहाजावर हजारो माणसे एकाच वेळी असतात. राहण्याच्या खोल्या, भोजनगृहे, दुकाने, दवाखाना असे सारे तेथे असते. ते एक तरंगते गावच म्हणा ना!

या गावावर संकट आले तर काय करायचे, हे प्रत्येकाला आधी ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी ही कवायत. प्रथम भोंगा वाजतो. सात वेळा आखूड आणि मग एकदा लांब. ही धोक्याची खूण आहे. ती ऐकताच प्रवाशांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे असते. कोणी कोठे जमायचे, हे आधीच सांगितलेले असते. पुष्कळ जहाजांवर ही जागा उघड्या डेकवर, जीवरक्षक होड्यांच्या खाली असते. तेथे हजेरी होते. लाइफ जॅकेट कसे घालावे, पट्टे कसे आवळावेत, हे कर्मचारी दाखवतात. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. कधी अर्धा तासही लागतो.

“एवढी धावपळ कशाला? जहाज काय रोज बुडते?” असे तुम्ही विचाराल. जहाज रोज बुडत नाही, हे खरेच. पण बुडते त्या दिवशी शिकायला वेळ नसतो. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ हे प्रचंड जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यावर सुमारे २,२०० माणसे होती, आणि होड्यांत जागा होती फक्त १,१७८ जणांची. दीड हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यातही घोटाळा असा, की सुरुवातीच्या काही होड्या अर्ध्या रिकाम्याच खाली सोडल्या गेल्या! या दुर्घटनेनंतर १९१४ साली अनेक देशांचे प्रतिनिधी लंडनला जमले. समुद्रावर माणसांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी नियम केले. तेच नियम सुधारत सुधारत आजपर्यंत आले आहेत.

पूर्वी नियम असा होता, की प्रवासी जहाजावर चढल्यापासून २४ तासांच्या आत कवायत घ्यावी. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले. त्यावर ४,२०० हून अधिक माणसे होती. त्यांतील शेकडो प्रवासी त्याच संध्याकाळी चढले होते आणि त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. संकट दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले नाही. ३२ माणसांचे प्राण गेले. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच ही कवायत घेणे बंधनकारक झाले.

आता उन्हाचा प्रश्न कोठून आला, ते पाहा. जहाज चालू लागले, की समुद्रावरचा वारा अंगाला लागतो. पण कवायत होते ती बहुधा जहाज धक्क्याला उभे असताना. वेळ दुपारची. वारा पडलेला. पायाखालचा डेक तापलेला. शेजारी माणसाला माणूस खेटलेला. शिवाय प्रत्येकजण सकाळपासून प्रवास करून, सामान ओढून, रांगांत उभा राहून आधीच थकलेला. म्हणजे प्राण वाचवण्याचा नियम चांगला. पण तो पाळताना शरीराची काळजी घेतली नाही, तर माणूस तेथेच आजारी पडतो.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी अम्मीला घेऊन मुंबईहून जहाजाने निघालो. बंदरात तपासणीच्या लांब रांगा होत्या. दुपारी भोंगा वाजला आणि आम्ही डेकवर जाऊन उभे राहिलो. दहाएक मिनिटांनी अम्मीने माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी घाबरलो. ती पडू नये म्हणून मी तिला दोन्ही हातांनी उभी धरून ठेवली. तेवढ्यात जहाजावरचा एक तरुण कर्मचारी धावत आला आणि म्हणाला, “साहेब, त्यांना उभे धरू नका. आधी आडवे करा.” आम्ही अम्मीला सावलीत निजवले, पाय उंच केले, ओढणीने वारा घातला. दोन-तीन मिनिटांत तिने डोळे उघडले. नंतर तिने सांगितले, “बेटा, सकाळपासून मी पाणीच प्यायले नव्हते. रांगेत असताना बाथरूमला जावे लागले तर काय करायचे? आणि चक्कर मघापासूनच येत होती. पण चारचौघांत कसे सांगायचे?”

मित्रांनो, त्या दिवशी अम्मीच्या दोन चुका झाल्या आणि माझी एक. त्या चुका समजून घ्यायच्या असतील, तर आपले शरीर उन्हाशी कसे लढते, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर उकाडा वाढला, की शरीर घाम गाळते. पण नुसता घाम येऊन शरीर थंड होत नाही. घाम वाळला, तरच थंडावा मिळतो. कारण वाळताना तो शरीरातील उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. एवढ्या उष्णतेत सात लिटरांहून अधिक साधे पाणी उकळीपर्यंत तापवता येईल! मातीच्या माठातील पाणी थंड राहते, तेही याच कारणाने.

परंतु समुद्रकाठी हवेत बाष्प फार असते. ओल्या हवेत घाम लवकर वाळत नाही. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, मुंबईत तो ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. तरीही मुंबईकर घामाने निथळतो, तो यामुळेच. त्यात लाइफ जॅकेट घातले, तर छाती आणि पाठ झाकली जाते. आतला घाम वाळायला वावच राहत नाही. घाम वाहून जातो, शरीरातील पाणी आणि मीठ कमी होते, पण थंडावा मात्र मिळत नाही.

आता चक्कर का येते, ते पाहू. उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेकडे अधिक रक्त पाठवते. आपण पुतळ्यासारखे उभे राहिलो, तर पुष्कळ रक्त पायांत साचून राहते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू हे रक्त वर ढकलत असतात. न हलता उभे राहिले, की हे काम मंदावते. त्यात पाणी प्यायलेले नसेल, तर रक्तदाब आणखी उतरतो. मग मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. आडवे होताच रक्त पुन्हा मेंदूकडे सहज पोचते. म्हणून घेरी आलेल्या माणसाला उभे धरून ठेवणे चूक आहे. माझी चूक ती हीच.

तेव्हा तुम्ही कधी जहाजावर गेलात, तर या गोष्टी ध्यानात ठेवा. सकाळपासून थोडे थोडे पाणी पीत राहा. तहान लागण्याची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजा. रांगेतून बाथरूमला जाण्यात लाज कसली? बरोबरच्या माणसाला जागा धरायला सांगावे आणि जाऊन यावे. लिंबाचे सरबत किंवा ताक घेतले, तर उत्तमच. कपडे सुती, सैल आणि फिकट रंगाचे घाला. बुरखा असेल, तर तोही हलक्या सुती कापडाचा असावा. घरातील वडीलधाऱ्यांना रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर उन्हात जपण्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा; काही औषधांमुळे शरीरातील पाणी लवकर कमी होते.

जहाजावर चढताच आपली जमण्याची जागा पाहून या. म्हणजे भोंगा वाजल्यावर जिन्यांवरून उगीच धावाधाव होत नाही. वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे बरोबर असतील, तर कर्मचाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा. ते बसण्याची किंवा सावलीची सोय करू शकतात. उभे असताना पायांची बोटे हलवा, टाचा उचला, गुडघे ताठ ठेवू नका. जॅकेट घालण्याची सूचना मिळेपर्यंत ते हातातच असू द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोके हलके वाटले, डोळ्यांसमोर अंधारी आली, मळमळले, तर लगेच बोला आणि खाली बसा. सांगण्यात कमीपणा नाही. न सांगता कोसळलात, तर डोके लोखंडावर आपटेल.

शेजारच्या माणसाला घेरी आली, तर काय कराल? त्याला सावलीत आडवे करा. पाय थोडे उंच ठेवा. जॅकेट आणि कपडे सैल करा. वारा घाला. भोवती गर्दी करू नका. तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्या. पण तो असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, किंवा तो शुद्धीवर येईना, तर तो उष्माघात असू शकतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, तर जिवाला धोका असतो. अशा वेळी क्षणही न दवडता जहाजाच्या डॉक्टरांना बोलवा आणि ते येईपर्यंत अंगावर गार पाणी टाकून वारा घालत राहा.

आणखी एक गोष्ट. रमजानच्या महिन्यात प्रवास असेल, तर? प्रवासी आणि आजारी यांना रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत आपल्या धर्माने दिली आहे. जीव धोक्यात आला असताना पाणी नाकारणे म्हणजे धर्मनिष्ठा नव्हे.

“मग ही कवायतच चुकवली तर?” असा विचार मात्र मनात आणू नका. खोलीत लपून बसणाऱ्या एका माणसामुळे हजेरी अडते आणि उन्हातील शेकडो माणसांना जास्त वेळ उभे राहावे लागते. आता काही सोयीही झाल्या आहेत. २०२० नंतर काही जहाज कंपन्यांनी नवी पद्धत सुरू केली. प्रवासी सूचना आपल्या मोबाइलवर किंवा खोलीतील दूरदर्शन संचावर पाहतात आणि मग सवडीने आपल्या जागी जाऊन हजेरी देतात. कित्येक जहाजांवर जॅकेट प्रत्येकाला घालायला न लावता कर्मचारीच घालून दाखवतात. तरीही जुनी पद्धत सगळीकडून गेलेली नाही.

आणि ऊन काय फक्त जहाजावरच असते? शाळेच्या मैदानावर, ईदगाहवर, बसच्या रांगेत, सगळीकडे हेच शरीर आणि हाच घाम. उद्या प्रार्थनेच्या वेळी तुमच्या शेजारचा मुलगा डुलू लागला, तर हसू नका. त्याला धरा, सावलीत नेऊन आडवे करा. नियम पाळणारा माणूस शिस्तीचा खरा. पण नियम पाळताना शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणारा माणूस त्याहून मोठा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धोक्याची खूण म्हणून जहाजाचा भोंगा कसा वाजतो?
(आ) कवायतीविषयीचा नियम १ जानेवारी २०१५ पासून कसा बदलला?
(इ) लेखकाच्या अम्मीने सकाळपासून पाणी का प्यायले नव्हते?

२. कारणे लिहा.
(अ) नागपूरपेक्षा तापमान कमी असूनही मुंबईत घाम निथळतो.
(आ) घेरी आलेल्या माणसाला उभे धरून ठेवू नये.

३. जोड्या लावा.
घेरी – समुद्रावर काम करणारा
खलाशी – वाफेच्या रूपातील पाणी
बाष्प – चक्कर

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
चेहरा पांढराफटक पडणे, क्षणही न दवडणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारातील कोणी जहाजाने प्रवास केला असेल, तर त्यांना त्यांचा अनुभव विचारा आणि तो आठ-दहा ओळींत लिहा.