परराष्ट्रवार्तेची कसोटी

परराष्ट्रव्यवहारावर लिहिणाऱ्या पत्रकाराचा गौरव कशासाठी करावा? मुत्सद्द्यांशी त्याचा परिचय असतो म्हणून, की परिषदांची वृत्ते तो सर्वांआधी देतो म्हणून? सरकारी सेवेत काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला एवढे ठाऊक आहे की, पत्रकात जे लिहिले जाते त्याहून जे गाळले जाते तेच पुष्कळदा महत्त्वाचे असते.

१९७१ साली कलकत्त्याने याचा प्रत्यय घेतला. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. शहरालगत सॉल्ट लेक येथे त्यांच्या छावण्या पडल्या होत्या. थिएटर रोडवरून बांगलादेशाचे हंगामी सरकार कारभार पाहत होते. छावणीत जाणाऱ्याला अत्याचारांच्या हकिकती ऐकू येत. पण पाकिस्तान त्या नाकारी, आणि दूरच्या राजधान्यांत त्या एकतर्फी प्रचार म्हणून बाजूला सारणे सोयीचे होते.

ती सोय मोडली बेळगावात जन्मलेल्या एका पत्रकाराने. अँथनी मस्कारेन्हस हे गोमंतकीय कुटुंबातले. कराचीत पत्रकारिता करीत. सारे सुरळीत आहे असे जगाला कळावे, म्हणून पाकिस्तानी लष्कराने एप्रिलमध्ये आठ पत्रकारांना पूर्वेकडे नेले. त्यांपैकी सातांनी सांगितले तसे लिहिले. मस्कारेन्हस लंडनला जाऊन 'संडे टाइम्स'च्या संपादकांना भेटले. त्यांची अट एकच होती : पत्नी व मुले सुखरूप बाहेर पडल्यावाचून काही छापू नये. १३ जून रोजी वृत्तांत प्रसिद्ध झाला. निर्वासित जे सांगत होते तेच आता खुद्द लष्करी अधिकाऱ्यांच्या तोंडून वदले गेले होते. या लेखाने आपल्याला युरोपच्या राजधान्यांत व मॉस्कोत जाऊन बोलण्यास प्रवृत्त केले, असे इंदिरा गांधींनी पुढे त्या पत्राचे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना सांगितले.

१९७२ साली मस्कारेन्हसांना ब्रिटनमध्ये पत्रकारितेचे पुरस्कार लाभले. त्याच वर्षी अमेरिकेत जॅक अँडरसन यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. याच युद्धाच्या वेळी अमेरिकी शासन तटस्थतेची भाषा करीत आतून पाकिस्तानकडे कसे झुकले होते, हे त्यांनी गुप्त कागदपत्रांच्या आधारे दाखविले होते.

एकाने आपला देश आणि घर सोडले. दुसऱ्याने स्वतःच्याच शासनाचा रोष पत्करला. दोघांनीही शासनाचा शब्द त्याच्या कृतीशी ताडून पाहिला. परराष्ट्रवार्तेचा गौरव करताना लावावयाची कसोटी हीच होय. मुत्सद्देगिरीचा निवाडा राजधान्यांत होतो; पण तिचे मोल सॉल्ट लेकसारख्या छावण्यांत मोजावे लागते.