सुप्याहून एका दिवसात नगरचं निजामशाही पाणी

सुपेकरांनो, नगरला आपण जातो ते बाजाराला, दवाखान्याला नाहीतर कोर्टकचेरीला. एक रविवार मात्र फक्त पाण्याच्या वाटा बघायला ठेवा. निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदने 1490 साली वसवलेल्या या शहराला कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून पाणी यायचं. भाजलेले खापरी नळ चुन्याच्या बांधकामात बसवून जमिनीखालून आणलेले, पंप नाही की मोटर नाही, सगळा खेळ उताराचा!

सकाळी ऊन चढायच्या आत सोलापूर रस्त्याकडचा फराहबाग गाठा. 1583 साली निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने पुरा केलेला हा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध उभा केलेला. तळं आता बहुधा कोरडंच असतं, पण काठावर थांबून चारी बाजूंनी पाणी आहे असं मनात आणा. आत मधल्या उंच दालनात भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. घाई करू नका, इथे तासभर द्याच.

मग भुईकोट किल्ला. त्याचा खंदक नीट बघा. नेहरू 1942 ते 1945 इथेच कैदेत होते. किल्ला लष्कराकडे आहे, त्यामुळे ओळखपत्र विसरू नका. जवळची दमडी मशीद छोटीशी आहे, पण दगडावरची नक्षी अप्रतिम.

संध्याकाळी पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महालावर चढा. नाव चांदबीबीचं असलं तरी कबर सलाबतखानाची आहे.

आणि हो, कुठे जुना खापरी नळ उघडा पडलेला दिसला, तर फोटो काढा, तुकडा उचलू नका.