घरातलं एक कुत्रं दुसऱ्याचा जीव घेतं तेव्हा

एकाच घरात वाढलेल्या दोन कुत्र्यांपैकी एकानं दुसऱ्याचा जीव घेतला, की त्या घरावर एकाच वेळी दोन आघात होतात. गेलेला जीव आपला असतो आणि ज्यानं तो घेतला तोही आपलाच असतो. गाडीखाली आलं, साप चावला, पार्व्हो झाला, अशा मरणात निदान बोट दाखवायला बाहेरचं काहीतरी असतं. इथं तेही नसतं. मग काही तासांतच घरात निवाडा सुरू होतो. जिवंत राहिलेल्या कुत्र्याला काठीनं बडवलं जातं. कुणी त्याला गाडीत घालून पुणे हायवेला सोडून येतं, कुणी ओळखीच्या मळ्यात देऊन टाकतं, कुणी ‘याला इंजेक्शनच द्या’ म्हणत दवाखान्याच्या दारात उभं राहतं. दोघांना एकत्र कुणी सोडलं, फाटक कुणी उघडं टाकलं, यावरून घरातल्या एखाद्या पोराला नाहीतर सुनेला आयुष्यभर पुरेल असं बोललं जातं. माझं म्हणणं असं आहे की त्या दिवशी निवाडा करू नये, तपास करावा. अशा मृत्यूला कारण असतं, बहुतेक वेळा ते शोधता येतं, आणि जिवंत राहिलेल्या कुत्र्याचं पुढं काय करायचं हे ते कारण कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

तपासाची सुरुवात मात्र माणसांपासून करायची. झुंज सोडवायला गेलेल्याच्या हातापायाला दात लागलेला असू शकतो आणि त्या गोंधळात त्याला ते कळतही नाही. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ‘घरचंच कुत्रं आहे’ म्हणून थांबून चालत नाही, कारण स्वभाव एकाएकी बदलणं हे रेबीजचंही लक्षण असतं. वर्षाची लस चुकलेली असेल, मागच्या काही महिन्यांत गल्लीतल्या कुत्र्यांशी चावाचावी झालेली असेल, तर हा संशय सगळ्यात आधी घ्यायला हवा. गेलेल्या कुत्र्यालाही उघड्या हातानं उचलू नये. जिवंत कुत्र्याला दहा दिवस वेगळं, बंद जागेत ठेवून पाहायचं असतं. चावण्याच्या वेळी लाळेत रेबीजचा विषाणू असलेलं कुत्रं एवढ्या मुदतीत आजारी पडून मरतं. माणसाची लस या दहा दिवसांसाठी अडवून ठेवायची नसते, पण कुत्र्याला त्याच दिवशी हायवेला सोडून दिलं, तर हे उत्तर कायमचं हातातून जातं. रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाचा हा पहिला तोटा, आणि तो थेट माणसाच्या जिवाशी येतो.

रेबीज नसेल तर पुढचा प्रश्न दुखण्याचा. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये लिहिलं, की वर्तनाच्या तक्रारी घेऊन त्यांच्यासारख्या तज्ज्ञांकडे पाठवलेल्या जनावरांपैकी साधारण एक-तृतीयांशांत कुठलं तरी दुखणं आढळतं, आणि काही तज्ज्ञांकडच्या प्रकरणांत हे प्रमाण 80 टक्क्यांपर्यंत जातं. कंबरेचा सांधा, कानातला संसर्ग, किडलेली दाढ, पोटातली कळ. कुत्रं कण्हत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं नसतं. दुखऱ्या कुत्र्याला दुसऱ्याचा नुसता धक्का लागला तरी ते उलटतं, आणि एकदा झुंज पेटली की ती आवरणं दोघांच्याही हातात राहत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या 2009 ते 2018 या काळातल्या जवळजवळ 70 हजार चाव्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला; उष्ण, कडक उन्हाच्या दिवशी चाव्यांचं प्रमाण थोडं वाढलेलं त्यात दिसलं. ते चावे माणसांना झालेले होते आणि वाढही मोठी नव्हती, त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याखाली, साखळीला बांधलेल्या, पाण्याच्या एकाच पातेल्यावर अवलंबून असलेल्या दोन कुत्र्यांचा विचार करताना उन्हाची ही गोष्ट बाजूला टाकता येत नाही.

‘काल रात्रीपर्यंत एकमेकांच्या अंगावर झोपायची, काही कुरबूर नव्हती,’ हे अशा घरात हमखास ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. भुंकणं आणि गुरगुरणं आपल्याला दिसतं. त्याआधीचं गप्प भांडण दिसत नाही. एक खोलीत आलं की दुसरं उठून जातं. दारात एक आडवं पडतं आणि दुसरं ओलांडायला कचरतं. रविवारच्या मटणाच्या हाडावर एकाचं अंग ताठ होतं, चघळणं थांबतं, डोळे वर न करता ते तसंच गोठून राहतं, आणि दुसरं लांबून वळतं. माणूस घरी आला की दोघं एकाच वेळी अंगावर झेपावतात आणि त्यात एक हळूच मध्ये घुसून दुसऱ्याला रेटतं. अमेरिकेत 2011 मध्ये घरगुती कुत्र्यांच्या भांडणांच्या 38 प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भांडणाऱ्या जोड्यांपैकी 79 टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, माद्यांची भांडणं जास्त होती, आणि सुरुवात बहुधा वयानं लहान किंवा घरात नंतर आलेल्या कुत्र्यानं केलेली होती. ठिणगी पडण्याची ठिकाणंही ठरलेली: मालकाचं लक्ष, अन्न, सापडलेली एखादी वस्तू आणि नुसता उत्साह. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं मनानं प्रौढ होतं, त्या वयात लहानपणीची मैत्री अनेकदा मोडते. ‘दोघी बहिणी आहेत, एकाच वेताच्या आहेत’ हा दिलासा म्हणूनच फसवा ठरतो.

आपल्या भागातलं घराचं फाटक हा या सगळ्यात वेगळा विषय आहे. लोखंडी गजांच्या आत दोन कुत्री, बाहेरून गल्लीतलं एखादं कुत्रं जातं. दोघं गजांवर धडकतात, नखांनी फरशी खरवडतात, भुंकून भुंकून तोंडाला फेस येतो. बाहेरच्यापर्यंत पोचता येत नाही आणि मग शेजारी जो आहे त्याच्यावर दात पडतो. घरचं कुत्रं त्या क्षणी आपला सोबती ओळखत नाही असं म्हणणं चुकीचं होणार नाही. दुसरा एक प्रकार झुंजीचा नसून शिकारीचा असतो. सोलापूर, लातूर आणि विजापूरच्या पलीकडचं मुधोळ हा कारवानी आणि पश्मी कुत्र्यांचा मुलूख. नजरेनं सावज हेरून ससा धावता धावता पकडावा, यासाठी या कुत्र्यांची पैदास पिढ्यानपिढ्या झाली. शिकारीला 1972 च्या कायद्यानं बंदी आली, पण कायद्यानं रक्तातली धाव जात नाही. अशा घरात पाच किलोंचं पॉमेरेनियन किंचाळत पळत सुटलं, तर मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात काही क्षण ते घरातलं लेकरू उरत नाही. यात गुरगुरणं नसतं, इशारा नसतो. एक झडप, मानेला किंवा छातीला पकड आणि झटका. पुष्कळदा बाहेरून दोनच भोकं दिसतात आणि आत फासळ्या, फुप्फुस, श्वासनळी फाटलेली असते. लहान कुत्रं उठून चालतं, पाणी पितं आणि रात्री मरतं. म्हणून चावल्यानंतर बरं दिसणाऱ्या कुत्र्यालाही लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. काही मृत्यू तिथं टळतात.

‘कुत्री भांडणारच, त्यांचं त्यांना ठरवू द्या कोण वरचढ ते,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचं मूळ 1947 मधल्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासात आहे. त्यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहिले होते. पुढं ही कल्पना आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये ती दुरुस्त केली: मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, रोजच्या मारामारीतून ठरलेली उतरंड नव्हे. नान्नजच्या माळरानावरचे लांडगेही असेच कुटुंबानं राहतात. शिवाय रानात हरलेल्याला निघून जाता येतं. दोन खोल्यांच्या घरात, बंद फाटकाच्या आत ते कुठं जाणार? तिथं भांडण मिटत नाही, साचत राहतं.

दुसरा आक्षेप जातीचा. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणणारं परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. जबड्याची ताकद आणि देहाचा आकार जातीवर अवलंबून असतो, हे खरंच आहे. त्यामुळे भांडणाचा शेवट किती वाईट होईल यात जातीचा वाटा मोठा असतो. पण भांडण का लागलं याचं उत्तर जात देत नाही. लॅब्रॅडॉरही मारतात आणि गावठीही. तिसरी भीती सगळ्यात खोल आहे: याला रक्ताची चटक लागली, आता हा माणसावर उठणार. दुसऱ्या कुत्र्यावर दात टाकणं आणि माणसावर टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत तर घरातल्या कुत्र्यावर आक्रमक होणारं कुत्रं बाहेरच्या कुत्र्यांवरही होईलच असं दिसलं नाही. तरीही शिकारीसारखी झडप घातलेली असेल आणि घरात रांगतं मूल असेल, तर ही भीती मी उडवून लावणार नाही. तिथं कुत्रं आणि बाळ एका क्षणासाठीही एकटे एकत्र असता कामा नयेत.

मग त्या कुत्र्याचं करायचं काय? शिक्षा तर नक्कीच नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं, की कुत्र्याचा तो ‘अपराधी चेहरा’ त्यानं काही केलं की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असतो. मारलं तर ते फक्त माणसाला भ्यायला शिकेल. घरात ते एकटंच उरलं असेल आणि लहान मूल नसेल, तर तपासणी, दुखण्यावर उपचार, बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी एवढ्यावर पुष्कळ घरं त्याला सांभाळू शकतात. घरात आणखी कुत्रं असेल तर दोघांना आळीपाळीनं सोडायचं, मध्ये कडी लागणारं दार हवं, ‘नजर ठेवू’ यावर भागत नाही. दोन खोल्यांत सात माणसं राहतात तिथं हे वर्षानुवर्षं जमणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. अशा वेळी दुसरं कुत्रं नसलेल्या घरात, घडलेलं सगळं स्पष्ट सांगून, त्याला देणं हा विश्वासघात नाही. ते लपवून देणं हा आहे. हायवेला सोडणं तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जिथं दुखणं बरं होणारं नाही, किंवा माणसांनाही खरा धोका आहे आणि सुरक्षित जागा कुठंच नाही, तिथं पशुवैद्यांशी बोलून शांतपणे जीव संपवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो घेणाऱ्याला क्रूर म्हणू नये. मात्र तो त्या रात्री नाही, तपासणीनंतर घ्यावा.

आणि झुंज डोळ्यांसमोर सुरू असेल तर मध्ये हात घालायचा नाही, गळपट्टा धरायचा नाही, आरडाओरडा आणि काठी दोन्ही टाळायचं. पाण्याची बादली ओतावी, मध्ये खुर्ची किंवा फळी सरकवावी, जड सोलापुरी चादर चावणाऱ्याच्या डोक्यावर टाकावी. पकड घट्ट असताना ओढलं तर मांस फाटतं; पकड सुटली की दोघांनी एकेकाचे मागचे पाय उचलून मागं सरकत वेगळ्या दारांआड न्यावं.

दुःखाबद्दल शेजारी ‘कुत्रंच तर होतं’ म्हणतात, त्यामुळे ते बोलूनही दाखवता येत नाही. समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, ते जास्त काळ चिघळतं, असं केनेथ डोका यांनी 1989 पासून मांडलं आहे. घरातल्या मुलांना ‘ते गावाला गेलं’ सांगू नये. त्यांनी पाहिलेलं असतं, निदान ऐकलेलं तरी असतं. काय झालं, का झालं असावं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, हे साध्या शब्दांत सांगावं. चूक मोठ्या माणसांचीही बहुधा माहितीची असते, मायेची नसते. नवं पिल्लू आणण्याची घाई करू नये. आणायचंच झालं तर राहिलेल्या कुत्र्याची तब्येत आणि सवयी काही महिने नीट पाहून, विरुद्ध लिंगाचं, अंगानं फार लहान नसलेलं आणावं, दोघांची नसबंदी करून घ्यावी, आणि पहिल्या दिवसापासून दोघांना दोन खोल्यांत जेवायला घालावं.