चालवणारं यंत्र, चालायला लावणारं यंत्र

पायांना बाहेरून यंत्राचा आधार देण्याची कल्पना जुनीच. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलस यागिनला अशा साधनाचं अमेरिकी पेटंट १८९० मध्येच मिळालं होतं, पण ते धडधाकट माणसाला धावायला, उड्या मारायला मदत करणारं होतं. चालणं गमावलेल्या माणसाचा विचार नेटाने झाला तो बेलग्रेडमध्ये. मिहाइलो पुपिन संस्थेतल्या मिओमिर वुकोब्रातोविच यांच्या गटाने हवेच्या दाबावर चालणारा बाह्यसांगाडा बनवला आणि १९७२ च्या सुमारास तिथल्या ऑर्थोपेडिक रुग्णालयात तो वापरून पाहिला. यंत्र पाय उचलायचं, यंत्रच टेकवायचं. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी झेप होती.

त्याआधीच अटलांटिकपलीकडे एक वेगळंच काम चाललं होतं आणि या साऱ्या इतिहासात मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात जॉन बास्माजियन यांनी स्नायूत बारीक तारा घालून त्यातली विद्युत हालचाल लोकांना पडद्यावर दाखवली, लाउडस्पीकरवर ऐकवली. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू एवढाच तो इवलासा घटक. पण डोळ्यांना दिसू लागला, कानांना ऐकू येऊ लागला, तसा तो लोकांच्या ताब्यात आला. काहींनी तर त्यातून ढोलाचे आणि घोड्याच्या टापांचे ठेके वाजवून दाखवले! १९६३ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे १९७५ मध्ये त्यांच्याच गटाने पक्षाघातानंतर पाऊल लोंबणाऱ्या २० रुग्णांवर ही रीत, म्हणजेच बायोफीडबॅक, वापरली. निम्म्यांना नुसता व्यायाम, निम्म्यांना व्यायामाच्या जोडीला बायोफीडबॅक. घोट्याची ताकद आणि हालचाल यांतली वाढ दुसऱ्या गटात पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

हे दोन प्रवाह एकत्र यायला मात्र बराच काळ गेला. नव्वदच्या दशकात रुग्णाला पट्ट्यांनी वर तोलून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत रुळली. दोन्ही बाजूंना फिजिओथेरपिस्ट बसायचे आणि वाकून एकेक पाय हाताने पुढे टाकायचे. थोड्या वेळात त्यांचीच कंबर भरून यायची. झुरिकच्या गेरी कोलोम्बो यांचं लोकोमॅट या अडचणीतून जन्मलं. मांडी आणि पोटरी यांत्रिक पट्ट्यांत बसवायची, मोटारी खुबा आणि गुडघा ठरलेल्या लयीत हलवणार. पावलं न दमता, न चुकता, शेकड्यांनी पडू लागली.

आणि तिथेच ठेच लागली. पक्षाघाताला बराच काळ उलटलेल्या, पण थोडंफार चालू शकणाऱ्या ४८ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या हातांनी मदत मिळालेल्यांचा चालण्याचा वेग यंत्रावरच्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारला होता. कारणाचा सुगावा आधीच लागला होता. मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेले रुग्ण यंत्रात चालताना कमी प्राणवायू वापरतात, म्हणजे कमी कष्ट घेतात, असं मोजमापात आढळलं होतं. यंत्र सगळं करत असेल तर शरीर अंग चोरतं. त्यात रुग्णाचा दोष नाही, मज्जासंस्थेची ती रीतच आहे. २००६ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगातही हेच दिसलं होतं. पाय एकाच ठरीव मार्गाने ओढण्यापेक्षा थोडी मोकळीक देऊन, गरज पडेल तेवढीच मदत केली, तर ते चांगलं शिकले.

बास्माजियन यांचा धडा इथे कामी आला. रुग्ण स्वतः किती जोर लावतोय हे लोकोमॅटचे सेन्सर मोजू लागले आणि समोरच्या पडद्यावर प्रत्येक पावलाचा हिशोब उमटू लागला. जपानात योशियुकी सांकाई यांच्या ‘हॅल’ या बाह्यसांगाड्याने तर सुरुवातच रुग्णाच्या इच्छेपासून केली. पाय हलवायचा म्हटलं की त्वचेवर उमटणारा क्षीण विद्युत संकेत टिपायचा आणि मगच मोटार फिरवायची. काही मज्जा-स्नायू विकारांसाठी जपानने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. इस्रायलच्या अमित गोफर यांच्या ‘रिवॉक’ या बाह्यसांगाड्याला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली होती. ते वापरायला कुबड्या पेलणारे हात लागतात आणि चारही अवयव अधू झालेल्या गोफर यांना स्वतःला ते वापरता आलं नाही. हे वाचून मन हलतं.

मग सांगाडाच मऊ झाला. हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या गटाने विकसित केलेल्या कापडी साधनात कंबरेला मोटार, पोटरीवर पट्टा आणि बुटापर्यंत जाणाऱ्या दोऱ्या असतात. पाऊल उचललं की एक दोरी चवडा वर ओढते, म्हणजे तो जमिनीला घासत नाही. टाच सुटताना दुसरी मागून रेटा देते. चालतो माणूसच. त्यावर आधारलेल्या ‘रिस्टोर’ला २०१९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

आज अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचे आढावे सांगतात, की पक्षाघातानंतर फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली तर स्वतःच्या पायांवर चालू लागण्याची शक्यता वाढते आणि सर्वाधिक फायदा पहिल्या तीन महिन्यांत, अजिबात चालू न शकणाऱ्यांना होतो. आपल्याकडे हेच तीन महिने हातचे जातात. केरळच्या जेनरोबॉटिक्सने चालण्याचं प्रशिक्षण देणारा यंत्रमानव बनवला आहे, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरचा रुग्ण इतक्या लांब कसा पोहोचणार? महागडं यंत्र प्रत्येक जिल्ह्यात नेणं लगेच जमणार नाही. स्नायूचे संकेत दाखवणारं छोटं बायोफीडबॅक उपकरण आणि ते वापरणारा फिजिओथेरपिस्ट मात्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असायलाच हवा, आणि रुग्णाला घरी पाठवण्याआधी त्याची पहिली तालीम तिथेच सुरू व्हायला हवी.